छिटमहालची गंमत

दिवाळी अंकात कथा संपते, पान मात्र भरत नाही, आणि उरलेल्या कोऱ्या जागेचे काय करावे असा संपादकांना पेच पडतो. मग तेथे एक चौकट येते. 'हे आपणांस ठाऊक आहे काय?' असा तिचा मथळा. जिराफाची मान, मुंग्यांचे वारूळ, चीनची भिंत असल्या नवलांच्या ओळीतच एक मजकूर मी निरनिराळ्या अंकांत निदान चार वेळा वाचला आहे. तो साधारण असा असतो: "जगात एक असे शेत होते की ते भारताचे, पण त्याच्या चोहोबाजूंना बांगलादेश, त्या बांगलादेशाच्या चोहोबाजूंना पुन्हा भारत, आणि त्या भारताच्या चोहोबाजूंना पुन्हा बांगलादेश! आहे की नाही गंमत?"

वाचक चकलीचा तुकडा मोडतो, हसतो, शेजारच्याला वाचून दाखवतो आणि पान उलटतो. माझा वाद आहे तो ह्या चौकटीशी. तिच्यातली माहिती खोटी नाही. शेवटी टाकलेला तो 'गंमत' शब्द तेवढा खोटा आहे, आणि तो कसा खोटा आहे हे सांगण्यासाठीच मी आज संपादकांकडून चौकटीपेक्षा थोडी अधिक जागा मागून घेतली आहे.

प्रथम शेताविषयी. त्याचे नाव दहला खागराबाडी. आकाराने पाऊण हेक्टरहूनही लहान. आपल्याकडे एवढ्या तुकड्यावर बैलजोडी ठेवणेही परवडायचे नाही. तेथे ताग पिकत असे. ते होते भारताचे. त्याभोवती उपनचौकी भजनी हा बांगलादेशी तुकडा, त्याभोवती बालापाडा खागराबाडी हा भारतीय तुकडा आणि त्याच्याही भोवती बांगलादेशाचा पंचगड जिल्हा. शेताचा मालक भोवतालच्या बांगलादेशी तुकड्यात राही. म्हणजे हा बिचारा सकाळी विळा घेऊन घराबाहेर पडला की परदेशी जाई आणि न्याहारीला स्वदेशी परत येई. हसू येते खरे! पण ह्या एका शेतावर मनुष्यवस्ती नव्हती. तशा इतर तुकड्यांवर मात्र होती, आणि चौकट सांगत नाही ती गोष्ट हीच.

असे एकूण तुकडे १६२. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ भारताच्या पोटात, बहुतेक सारे कुचबिहारच्या आसपास. तेथले लोक त्यांना छिटमहाल म्हणत. छिट म्हणजे तुटलेला तुकडा. आणि महाल हा शब्द तर आपल्याही मुलकी खात्यात अगदी परवापरवापर्यंत नांदत होता. २०११ साली दोन्ही सरकारांनी मिळून शिरगणती केली तेव्हा ह्या तुकड्यांवर ५१,५४९ माणसे भरली. ह्या ५१,५४९ माणसांना कोणते सरकार होते? कागदावर होते. प्रत्यक्षात कोणतेच नव्हते.

हे असे झाले कसे, ह्याच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत. पहिली बुद्धिबळाची. कुचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार पटावर बसत आणि एकेक गाव पणाला लावीत. त्या डावांतून ही गावे इकडची तिकडे झाली. दुसरी शाईच्या डागांची. फाळणीची रेघ ओढताना कोणा धुंद साहेबाच्या टाकातून शाई सांडली आणि जेथे डाग पडले तेथे छिटमहाल झाले! दोन्ही कथा बैठकीत रंगवून सांगण्याजोग्या आहेत आणि दोन्ही निखालस बनावट आहेत. रॅडक्लिफने रेघ ओढली ती ब्रिटिश बंगालवर. कुचबिहार हे संस्थान. त्याच्या हद्दीशी रॅडक्लिफचा संबंधच नव्हता. ह्या तुकड्यांचे मूळ सापडते ते अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या मोगल आणि कुचबिहार ह्यांच्या लढायांत. १७१३ च्या सुमारास तह झाला तेव्हा मोगलांना काही परगणे मिळाले. पण त्या परगण्यांत कुचबिहारच्या सरदारांनी आपल्या जमिनी सोडल्या नाहीत, आणि कुचबिहारच्या हद्दीत ज्या मोगल शिपायांनी जमिनी धरल्या होत्या त्यांनी त्या सोडल्या नाहीत. झाले ते एवढेच.

आता कोणी म्हणेल, मास्तर, कथा खोटी असली म्हणून बिघडले काय? पुष्कळ बिघडले. लहरी राजा आणि दारुडा साहेब ह्यांच्या माथी दोष मारला की पुढच्या साऱ्या कारभाऱ्यांची आपोआप सुटका होते. 'काय करणार, इतिहासाची लहर!' असे म्हणून सर्वांनी हात झटकावेत, एवढ्यासाठीच असल्या कथा टिकून राहतात.

वस्तुतः तुटक मुलूख ही आपल्याला नवलाई वाटण्याचे कारण नाही. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने आठवा. सांगलीकरांचे मंगळवेढे एकीकडे, तेरदाळ दुसरीकडे, शिरहट्टी पार धारवाडच्या अंगाला आणि शहापूर तर बेळगावला चिकटलेले. एका गावातून दुसऱ्या गावी जाताना मनुष्य दोनतीन राज्ये ओलांडी आणि त्याच्या ते ध्यानातही येत नसे. बैलगाडीला पासपोर्ट लागत नव्हता. कुचबिहारचे अगदी तसेच होते. सव्वादोनशे वर्षे हे तुकडे कोणाच्या पायात रुतले नाहीत. रुतले ते पुढे. १९४७ साली पाकिस्तान झाले. १९४९ साली कुचबिहारचे शेवटचे महाराज जगद्दीपेंद्रनारायण ह्यांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. (हे महाराज म्हणजे बडोद्याच्या सयाजीरावांचे दौहित्र, सयाजीरावांची कन्या इंदिराराजे कुचबिहारला दिली होती, म्हणजे ते घराणे आपल्याला परके नव्हे.) १ जानेवारी १९५० पासून कुचबिहार पश्चिम बंगालचा जिल्हा झाला, १९५२ साली भारत आणि पूर्व पाकिस्तान ह्यांच्यामध्ये पासपोर्ट व व्हिसा सुरू झाले, आणि शेजारच्या गावचा बाजार परदेशी गेला. तुकडे जुनेच होते. त्यांच्याभोवती कुंपण नवे आले. ते कुंपण राजांनी घातले नाही, शिकल्यासवरलेल्या सरकारांनी घातले.

आता त्या कुंपणाचे तर्कशास्त्र पाहा. तुम्ही भारतीय छिटमहालात राहता. चोहोबाजूंना परदेश. बाहेर पाऊल टाकायचे तर व्हिसा पाहिजे. व्हिसासाठी पासपोर्ट पाहिजे. पासपोर्टसाठी भारतातल्या कचेरीत गेले पाहिजे. आणि कचेरीत जायचे तर आधी बाहेर पाऊल टाकले पाहिजे! तेव्हा मीठ आणायला निघालेला माणूस पहिल्याच पावलाला गुन्हेगार. तेथे तलाठी येत नसे, कारण त्यालाही परदेश ओलांडावा लागे. पोलीस येत नसे, त्याच कारणाने. चोरी झाली, खून पडला, तरी फिर्याद द्यायची कोठे? शाळा नाही, दवाखाना नाही, विजेचा खांब नाही. विजेच्या तारा ह्या गावांच्या शिवेवरून पुढे जात आणि रात्री पलीकडच्या गावचा उजेड इकडून दिसे.

गेल्या हिवाळ्यात मी ह्या मुलखात गेलो होतो. नाताळच्या सुटीत मंडळी दार्जिलिंगला जातात; मी त्याच बाजूला उतरलो, पण वाट धरली ती कुचबिहारची. तो प्रदेश कोकणच्या माणसाला परका वाटत नाही. पोफळीच्या बागा, बांबूची बेटे, घराघरापुढे तळे. फरक एवढाच की डोंगर कोठेच नाही आणि शेतात तंबाखूची रुंद पाने डुलत असतात.

मेखलीगंजच्या पुढे 'तीन बिघा' नावाची जागा आहे.  एक चिंचोळी पट्टी. लांबी १७८ मीटर, रुंदी ८५ मीटर. आमच्या शाळेचे क्रीडांगण तेथे नेऊन ठेवले तर बहुधा बसेल. ह्या पट्टीच्या एका बाजूला बांगलादेश आणि दुसऱ्या बाजूला दहग्राम-आंगरपोता हा बांगलादेशाचाच तुटलेला तुकडा. पट्टी भारताची. तिच्यावरून दोन रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. एक भारताचा, एक बांगलादेशाचा. आणि चौकात भारताचे जवान उभे. सायकलवर भाताचे पोते टाकून एक माणूस बांगलादेशातून आला, भारतातून गेला आणि बांगलादेशात शिरला. दीडदोन मिनिटांचा खेळ. आमच्याबरोबर सहलीला आलेल्या एका कुटुंबाने मोबाईल पुढे धरून त्याचे चित्र घेतले. एक काका मुलांना म्हणाले, "बघा, बघा, तो आता परदेशात गेला!" मुले टाळ्या पिटू लागली. सायकलवाल्याने मान वर करूनही पाहिले नाही. रोजचेच असावे.

ह्या १७८ मीटरांचा इतिहास त्या मुलांना कोणी सांगितला नाही. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान ह्यांनी करार केला. दहग्राम-आंगरपोता बांगलादेशाकडेच राहावा आणि तेथल्या लोकांना जाण्यायेण्यासाठी ही पट्टी भारताने कायमच्या पट्ट्याने द्यावी, असे ठरले. भाडे नाममात्र, आणि तेही भरू नये अशी मुभा. वाट मोकळी झाली ती २६ जून १९९२ रोजी, म्हणजे अठरा वर्षांनी. आणि आरंभी तीही फक्त दिवसा, एक तासाआड एक तास! पुढे दिवसाचे बारा तास झाले. चोवीस तास वाट खुली व्हायला २०११ साल उजाडावे लागले. म्हणजे तोवर दहग्राममध्ये रात्री कोणा बाईला कळा सुरू झाल्या तर तिने पहाटेपर्यंत थांबायचे. हद्दीच्या दाराला कळांचे वेळापत्रक कळत नाही.

ह्या चौकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याला न्याय म्हणता येणार नाही. पट्टीच्या दक्षिणेला कुचलीबाडी हा भारताचाच भाग आहे. ही वाट बांगलादेशाला दिली तर आपणच तुटून पडू, उद्या आपलाच छिटमहाल होईल, ह्या भीतीने तेथल्या शेतकऱ्यांनी चळवळ केली आणि त्या चळवळीत माणसे मेली. त्यांची भीती खोटी म्हणण्याचा मला अधिकार नाही. तुटून पडणे म्हणजे काय हे त्यांना शेजारीच रोज दिसत होते. मरण पत्करावे इतके ते भयंकर आहे, ह्याला त्याहून मोठा दाखला कोणता हवा? ज्या गोष्टीच्या भयाने माणसे गोळीपुढे उभी राहतात, तिला आपण 'गंमत' म्हणतो.

तेथून मी दिनहाट्याकडे गेलो. ह्या बाजूला मशालडांगा, पोआतुरकुठी अशी गावे आहेत. ती २०१५ पर्यंत बांगलादेशाची होती. भोवताली सगळा भारत. टोटोवाला (तिकडे विजेवरच्या रिक्षाला टोटो म्हणतात) त्याच भागातला होता. त्याने मला एका म्हाताऱ्याच्या अंगणात नेऊन बसवले. मी शाळामास्तर आहे असे कळताच म्हातारा उठून उभा राहिला आणि 'मास्टारमोशाय' म्हणून त्याने मला खुर्ची दिली. त्याची बंगाली, माझी हिंदी आणि मध्ये टोटोवाला दुभाष्या. मी त्याला सरकारांविषयी विचारीत होतो. त्याला बोलायचे होते मुलाच्या शाळेविषयी.

त्याने मुलाला शाळेत घातले ते भारतातल्या. दुसरी शाळाच नव्हती. पण मुलगा कागदोपत्री बांगलादेशी. त्याला दाखल कोण करून घेणार? तेव्हा अशा सर्व गावांनी जी वाट धरली तीच ह्यानेही धरली. पलीकडच्या भारतीय गावातल्या एका ओळखीच्या माणसाला बाप केले. शाळेच्या रजिस्टरात वडिलांचे नाव त्याचे लागले. काहींना त्यासाठी पैसे मोजावे लागत. ह्याचे काम स्नेहावर झाले. बायकांना दवाखान्यात बाळंतपणासाठी नेले तर तेथेही नवरा म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव सांगायचे, अशी त्या भागातली रीतच पडली होती. म्हातारा हे सांगताना हसत होता. पण एका वाक्यापाशी तो थांबला. तो म्हणाला, "मुलगा शाळेतून यायचा तेव्हा त्याच्या पाटीवर बापाचे नाव लिहिलेले असायचे. मला वाचता येत नाही, मास्टारमोशाय. म्हणून मला ते दिसले नाही."

आता मी विचारतो: ह्याला काय म्हणायचे? मी इतकी वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर लिहितो आहे. त्यातला 'वडिलांचे नाव' हा रकाना किती जपून भरावा लागतो ते मला ठाऊक आहे. एक वेलांटी चुकली तर पुढे पंचवीस वर्षांनी तो मुलगा डोक्याचे केस पिकवून माझ्याकडे येतो, कारण नोकरी, वारसा, निवृत्तिवेतन सारे त्या एका रकान्यावर अडलेले असते. आणि येथे हजारो मुलांनी तो रकाना जाणूनबुजून खोटा भरून घेतला. कारण खरा भरला असता तर त्यांना अक्षरओळख झाली नसती. ज्या व्यवस्थेत खरा बाप सांगणारे पोर अडाणी राहते आणि खोटा बाप सांगणारे शिकते, तिला भूगोलाचे नवल म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात घालणे हा मला शिक्षणाचाच अपमान वाटतो.

ह्यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. ते एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: प्रश्न अवघड होता, वेळ लागायचाच. अवघड होता? १९५८ साली पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून ह्यांनी ह्या तुकड्यांची अदलाबदल करण्याचे मान्यच केले होते. त्याच करारातल्या बेरुबाडी गावाच्या प्रश्नावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भूप्रदेश द्यायचा तर घटना बदलावी लागेल, असे न्यायालयाने १९६० साली सांगितले, आणि त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झालीही. तरी तुकडे होते तेथेच राहिले. १९७४ चा करार बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी मान्य केला. आपल्या संसदेने मान्य केला तो मे २०१५ मध्ये, शंभराव्या घटनादुरुस्तीने. एकेचाळीस वर्षे! आणि मतदान कसे झाले म्हणता? दोन्ही सभागृहांत एकमताने. एकही मत विरुद्ध पडले नाही. ज्या कामाला शेवटी एकाही सभासदाचा विरोध उरला नव्हता, त्या कामासाठी एका माणसाचे आख्खे कर्ते आयुष्य खर्ची पडले. ह्याला अवघड प्रश्न म्हणत नाहीत. कोणाच्याच मतपेटीला ज्याची गरज नसते अशा प्रश्नाची ही गत असते. छिटमहालातल्या लोकांना मतच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे आणि तो घेणारी माणसे मला प्रिय आहेत. ते म्हणतात, मातृभूमीचा एक इंचही का द्यावा? हिशेब खरा आहे. आपण दिले १७,१६० एकर आणि घेतले ७,११० एकर. सुमारे दहा हजार एकरांची खोट आली. पण ह्या देशभक्तांना मी नम्रपणे विचारतो, ते सतरा हजार एकर आपले होते म्हणजे नक्की काय होते? त्यांवर आपला पोस्टमन गेला नाही, आपला फौजदार गेला नाही, आपला डॉक्टर गेला नाही. तेथल्या माणसाने निवडणुकीत बोटाला शाई लावली नाही. आपण त्यांच्यासाठी केले ते एवढेच की नकाशावर तो ठिपका रंगवला. आईला आई म्हणायचे तर तिच्या पोरांना जेवायला घालावे लागते. एकरांची नावे घेऊन गहिवरायचे आणि त्या एकरांवरच्या माणसांना खोटा बाप शोधायला लावायचे, ही भक्ती सात-बाराच्या उताऱ्याची आहे, देशाची नव्हे.

आणि तुटक तुकड्यावरच्या माणसाचे दुःख मराठी माणसाला कळायला हवे, कारण तसला एक प्रश्न आपण स्वतः अंगावर घेतला होता. दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगिजांचे तुकडे असेच भारताच्या पोटात होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यांत सुधीर फडक्यांसारखी आपली माणसे होती. पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९६० साली निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल ह्यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याचा मात्र नव्हता. आणि भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपण जिंकलो, पेढे वाटले, उत्तम झाले. पण त्या निकालातले पहिले वाक्य कोणी पुन्हा वाचले का? शिपाई निराळा आणि बाजाराला निघालेला माणूस निराळा, असे ते वाक्य सांगते. ज्या १९६० साली हेगमध्ये हा भेद मान्य झाला त्याच १९६० साली आपले स्वतःचे हजारो नागरिक पूर्व पाकिस्तानच्या पोटात मिठासाठी चोरवाटा शोधत होते, आणि पूर्व पाकिस्तानचे तितकेच अभागी जीव आपल्या पोटात. हेगला न्याय मागणाऱ्या वकिलांना कुचबिहार नकाशावर सापडले नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. हद्द म्हटली की काटेकोर पाहिजे, तुटक हद्द म्हणजे चोरांना मोकळे रान. ह्याला उत्तर म्हणून युरोपातले बार्ले हे गाव दाखवतो. तेथे बेल्जियमचे २२ तुकडे हॉलंडच्या पोटात आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा हॉलंडचे तुकडे आहेत. हद्द घरांतून, दुकानांतून, फरसबंदीवरून जाते. घराचे पुढचे दार ज्या देशात उघडते तो त्या घराचा देश. तेथेही जमिनीवरून भांडण झाले, ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १९५९ साली निकाल होऊन मिटले. पोर शाळेत जाते, नळाला पाणी येते, दिवा लागतो. त्यांनी तुकडे बदललेही नाहीत; माणसांची अडवणूक तेवढी काढून टाकली. म्हणजे खोट तुकड्यांत नव्हती, हे उघड आहे. बार्लेला पर्यटक गेले आणि त्यांनी फरसबंदीवरच्या खुणांवर एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून चित्र काढले, तर मला राग येत नाही. तेथे ती खरोखरच गंमत आहे, कारण त्या खुणेपायी कोणाला बाप बदलावा लागत नाही.

शेवटचा आक्षेप: आता हे सारे मिटले ना? मग उगाळता कशाला? खरे आहे, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. लोकांनी ६८ वर्षांच्या ६८ मेणबत्त्या लावल्या. त्यांना त्या रात्री दिवाळीच वाटली असेल, आणि ती त्यांनी पुरती कमावलेली होती. भारतातल्या बांगलादेशी तुकड्यांमधून एकही माणूस बांगलादेशात जायला निघाला नाही. सर्व भारताचे नागरिक झाले. बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यांमधून नऊशेहून अधिक माणसे भारत निवडून इकडे आली. त्यांची पहिली घरे म्हणजे दिनहाटा, मेखलीगंज आणि हळदीबाडी येथल्या छावण्यांतल्या पत्र्याच्या खोल्या. ज्यांनी घरदार, शेत, शेजार मागे ठेवून ह्या देशाचे नाव घेतले, त्यांच्याहून मोठे देशभक्त त्या वर्षी दुसरे कोण होते, ते मला दाखवा.

पण मिटले म्हणजे काय मिटले? त्या म्हाताऱ्याच्या हातात आता मतदाराचे कार्ड आहे. त्यावर त्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे, देशाचे नाव आहे. त्याच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र अजून तो दुसराच माणूस बाप आहे. मुलाने दुरुस्तीसाठी एका कचेरीत अर्ज केला. तेव्हा, 'तुझे वडील हेच, ह्याला त्या वेळचा पुरावा आण,' असे त्याला सांगण्यात आले. त्या वेळचा पुरावा! त्या वेळी पुरावा देणारे सरकारच तेथे नव्हते, म्हणून तर खोटे नाव लावावे लागले. हद्द पुसली गेली, पण तिची नक्कल एका पोराच्या दाखल्यावर उरली आणि ती पुसायला घटनादुरुस्ती लागत नाही. एका कारकुनाची सही पुरते.

म्हणून माझे मागणे अगदी थोडके आहे. ज्या गावांत सरकार नव्हते त्या गावांतल्या मुलांकडून त्या काळचे सरकारी कागद मागू नयेत. बाप आणि मुलगा दोघे समोर उभे राहून 'आम्ही एकमेकांचे' असे म्हणतात, गाव हो म्हणते, तेवढ्यावर रकाना दुरुस्त करून द्यावा. राष्ट्राने ६८ वर्षे त्यांच्या शब्दाला किंमत दिली नाही. निदान ह्या एका शब्दाला द्यावी.

आणि दुसरे मागणे संपादकांकडे आणि माझ्या शिक्षकबंधूंकडे. ती चौकट छापा, जरूर छापा. मुलांना नवल वाटलेच पाहिजे. नवल वाटल्याशिवाय भूगोल शिकता येत नाही. तागाचे शेत सांगा, तीन बिघ्यांची वाट सांगा. फक्त चौकटीच्या शेवटी 'आहे की नाही गंमत?' असे विचारू नका. त्याऐवजी मुलांना विचारा, त्या गावात तुम्ही राहत असता तर शाळेत बापाचे नाव कोणते सांगितले असते? वर्ग गप्प होईल. होऊ द्या. जरा वेळाने मागच्या बाकावरचे एखादे पोर हात वर करून विचारील, "सर, मग ते इतकी वर्षे कोणी बदलले का नाही?" त्याला उत्तर द्यायची तयारी मात्र आपण मोठ्यांनी घरूनच करून आले पाहिजे.